पान नऊवरची बहीण

१

मेलेली बाई वीसपैकी एकोणीस मार्क मिळवून पास झाली होती.

मंगळवारी सकाळी, चहाचा पहिला घोटही पोटात गेलेला नसताना, प्रत्यारोपण विभागाच्या समन्वयकांनी ही बातमी चौकशीबाईंच्या टेबलावर आणून आपटली. बातमी एका निळ्या फायलीत होती. समन्वयकांच्या चेहऱ्यावर, वर्षानुवर्षं ज्याच्यावर संशय घेतला तो शेवटी खरंच चोर निघाल्यावर माणसाला होतं, तसं समाधान होतं.

चौकशीबाईंचं खरं पद वैद्यकीय समाजसेविका. ज्यांना नवी किडनी बसवायची त्यांच्या घरी काय परिस्थिती आहे, ऑपरेशननंतर बारा आठवडे त्यांना सांभाळायला कोणी आहे का, हे पाहून निवड समितीला अहवाल द्यायचा, हे त्यांचं काम. पण त्यांच्या दाराशेजारी फार पूर्वी कोणीतरी ‘चौकशी’ अशी पाटी लावून ठेवली होती, आणि ती काढण्याचा अर्ज कुठल्या खात्याकडे करायचा हे कोणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे गेली बावीस वर्षं बाई लोकांना एक्स-रे कुठे काढतात आणि बाथरूम कुठल्या बाजूला आहे हे न कुरकुरता सांगत आल्या होत्या. नाव आपोआप पडलं. आता पगाराच्या चिठ्ठीवरचं नाव वाचून त्यांनाच क्षणभर ही कोण बुवा, असं वाटायचं.

“हे बघा, पान दोन,” समन्वयक म्हणाले. “पहिल्या दिवशी डॉक्टरांनी लिहून घेतलेली घरच्यांची माहिती. बहीण एकच. किडनीच्याच आजाराने वारली, अकरा वर्षांपूर्वी. आणि हे पान नऊ. काळजीवाहक कोण? बहीण. नाव तेच. औषधांच्या प्रशिक्षणाला हजर, परीक्षेत वीसपैकी एकोणीस. आहाराच्या प्रशिक्षणाला हजर. तुमच्या गृहभेटीला घरी हजर. सही, सही, सही.”

“एक मार्क कशात गेला?”

“काय?”

“वीसपैकी एकोणीस म्हणालात. एक कुठे गेला?”

समन्वयकांनी नाइलाजाने पान उलटलं. “प्रश्न अठरा. औषधाची वेळ चुकली तर काय कराल? उत्तर पाहिजे, रुग्णालयाला फोन करीन. बाईंनी लिहिलंय, ‘चुकणार नाही.’”

चौकशीबाईंना ही मेलेली बाई आवडू लागली.

रुग्णाला सगळे चावीवाले म्हणत. चोपन्न वर्षांचा, एकटा, कुलपं दुरुस्त करणारा आणि चाव्या बनवून देणारा माणूस. चार वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येत होता. यंत्राची सुई टोचायची हातावरची जागा दोनदा निकामी झाली होती. तिसरी चालू होती आणि चौथी मिळणार नव्हती. हृदय, फुफ्फुसं, दात, डोकं, सगळ्या तपासण्या पार पडल्या होत्या. परवा, गुरुवारी तीन वाजता, त्याचं नाव प्रतीक्षा यादीत घालायचं की नाही हे समिती ठरवणार होती.

“नियम बावीस,” समन्वयक म्हणाले. “खोटी माहिती दिल्यास एक वर्ष अपात्र.”

“त्या हाताला एक वर्ष काढता येणार नाही, साहेब.”

“ते मला का सांगता? मेलेल्या बहिणीला सांगा. अहो, हे काम एकट्यादुकट्याचं नाही. भाड्याने बहिणी पुरवणारी टोळी असणार. माझ्या फॉर्ममध्ये असली गोष्ट आपसूक घुसू शकत नाही. एक रकाना रिकामा राहिला तर तो पुढे सरकत नाही. दोन वर्षांत एकही रकाना रिकामा गेलेला नाही!” तो संगणकावरचा फॉर्म त्यांनी स्वतः तयार केला होता, आणि लोक धाकट्या मुलीच्या नाचाबद्दल जसं बोलतात तसं ते त्याच्याबद्दल बोलत.

चौकशीबाईंनी फाईल जवळ ओढली. नाव आणि नातं छापलेलं होतं, पुढे पेनाने केलेल्या तीन सह्या. पहिल्या सहीखाली औषधं शिकवणाऱ्या नर्सची साक्ष, दुसरीखाली आहारतज्ज्ञांची. तिसऱ्या सहीखालचं अक्षर त्यांच्या फार ओळखीचं होतं.

ते त्यांचंच होतं. मेलेल्या बाईने आपल्यासमोर सही केली, असं त्यांनी लिहून दिलं होतं.

२

“दिसायला कशी होती?” चौकशीबाईंनी नर्सला विचारलं.

“मास्क लावलेला होता हो. इथे सगळेच डोळ्यांपुरते असतात.” नर्स औषधांच्या पट्ट्या मोजत होती. “पण उंच होती. माझ्यापेक्षा वीतभर. आणि भारी चौकस. दोन सारख्या दिसणाऱ्या पट्ट्या दाखवल्या, तर म्हणे उजेडात या. मग एक पट्टी पुढे धरून मलाच विचारते, ‘ही स्पष्ट दिसते, की ही?’”

“तुम्हालाच?”

“आणि वर सांगते, तुमच्या डाव्या डोळ्याचा नंबर वाढलाय, तपासून घ्या. मला असा राग आला!”

“मग?”

“तपासला. वाढलाय.” नर्सने खिशातून नवा चष्मा काढून नाकावर ठेवला.

“बहीण आहे, असं तिने सांगितलं होतं?”

“कागदावर होतं की. मी म्हटलं, या ताई, बसा. बसली.”

आहारतज्ज्ञांची खोली खोट्या जेवणाने भरलेली होती. टेबलावर प्लास्टिकचा भात, रबराची केळी आणि कधीही शिळा न होणारा मासा. बाई स्वतः सडपातळ होत्या. दिवसभर असल्या पंगतीत बसल्यावर दुसरं काय होणार.

“बुटकी, गोल, आणि भांडखोर,” त्या ताबडतोब म्हणाल्या. “विसरणं शक्यच नाही. मी नमुन्याला खरा पाव ठेवते, वजनाचा अंदाज यावा म्हणून. म्हटलं, हा एक तुकडा तीस ग्रॅम. तिने तो तळहातावर उचलला, जरा वरखाली केला आणि म्हणाली, ‘पंचेचाळीस आहे. पेशंट मारायचाय का?’”

“किती होता?”

आहारतज्ज्ञ खिडकीबाहेर पाहू लागल्या. “सेहेचाळीस.”

“आणखी काही आठवतं?”

“हातावर भाजल्याच्या खुणा. मनगटापासून कोपरापर्यंत, आडव्या, एकाखाली एक. जुन्या आणि नव्या. म्हटलं तिला, काय झालं हो, कोणी छळतं का घरी? तर हसत सुटली.”

एक उंच, एक बुटकी. चौकशीबाई जिन्यात उभ्या राहिल्या. आणि तिसरी? तिसरी त्यांनी स्वतः पाहिली होती, दीड महिन्यापूर्वी, मास्कशिवाय, भर दुपारी. साठीची, काटकुळी, पांढऱ्या केसांची. उंचही नाही, गोलही नाही. तिने चहा केला होता. चमचा शोधायला तिने तीन खण उघडले होते. स्वतःच्या घरात बाई चमचा कशाला शोधेल? तेव्हा वाटलं, सरकारी माणसासमोर गडबडली असेल. पण निघताना दार अडकलं, तेव्हा तिने न बघता ते खालून पायाने उचललं आणि खांद्याने ढकलून उघडलं. दाराची खोड माहीत, पण चमच्याची जागा माहीत नाही. या घरात रोज येते, पण स्वयंपाकघरात जात नाही.

आणि बोलता बोलता तिने खुर्चीवर टाकलेला बाईंचा कोट उचलला होता, गुंड्या आत, कॉलर वर, अशी घडी घातली होती आणि म्हणाली होती, “बाहीवरचा डाग शाईचा आहे. गरम पाणी लावू नका, पक्का होईल.”

एक बहीण मेलेली होती, आणि तिच्या जागी तीन जिवंत बायका येऊन गेल्या होत्या. समन्वयकांची टोळी अचानक तितकी हास्यास्पद वाटेना.

३

चावीवाले डायलिसिसच्या खुर्चीत आडवे पडून उजव्या हाताने एक छोटं पितळी कुलूप कुरवाळत होते. डावा हात यंत्राला जोडलेला. शेजारच्या खुर्चीतला म्हातारा झोपला होता.

“हे कोणाचं?” चौकशीबाईंनी विचारलं.

“इथल्या औषधांच्या कपाटाचं. किल्ली हरवली म्हणून नर्सबाई रडकुंडीला आल्या होत्या. चार तास नुसतं पडून काय करायचं?” त्यांनी तारेचा तुकडा आत घालून जरा हलवला. कुलूप उघडलं. “बोला, परवाचं काय?”

“त्याबद्दलच आले. प्रशिक्षणाला तुमच्याकडून कोण येत होतं?”

तार थांबली. “आमच्याकडची माणसं.”

“कोण माणसं?”

“का? पास झाले ना सगळे?”

“चावीवाले, पान नऊवर तुमच्या बहिणीचं नाव आहे.”

त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते चौकशीबाईंनी नीट पाहून घेतलं. बावीस वर्षांत त्यांनी खोटं बोलताना पकडले गेलेले पुष्कळ चेहरे पाहिले होते. ते आधी रागावतात. हा चेहरा रागावला नाही. तो आधी गोंधळला, आणि मग त्याला कोणाची तरी आठवण आली.

“ती तर गेली,” ते हळू म्हणाले. “डॉक्टरांना सांगितलंय मी. याच आजाराने. तिलाही यादीत घालायचं चाललं होतं, दुसरीकडे. घरात सांभाळायला कोणी नाही म्हणून नाव राहिलं. मी तेव्हा परदेशी कामाला. मी परत येईपर्यंत…” त्यांनी कुलूप बंद केलं. “तिचं नाव कोणी लिहिलं?”

“तेच शोधतेय. सही करणाऱ्या तिघी कोण आहेत?”

“त्यांना काही होणार आहे का?”

“तुम्ही आधी सांगा.”

“नाही. तुम्ही आधी सांगा. त्यांच्यावर काही येणार असेल, पोलीस, चौकशी, काहीही, तर कागद द्या इकडे.” त्यांनी मोकळा हात पुढे केला. “माझं नाव काढून टाका. आत्ता. सही करतो.”

“अहो, चार वर्षं थांबलात तुम्ही!”

“मग काय झालं? त्यांच्या जिवावर थांबलो. आता त्यांनाच अडकवू?”

“माझ्याकडे कागद नाही,” चौकशीबाई म्हणाल्या. त्यांच्या पर्समध्ये तसले सहा कागद होते.

“उद्या आणा.”

“उद्या मला वेळ नाही. उद्या मला एक चावी बनवून घ्यायची आहे.”

४

रहस्यकथेत गुन्हेगार शोधायला दीडशे पानं लागतात. इथे सगळ्यांनी आपापल्या पाट्या लावल्या होत्या.

गल्ली अरुंद होती. मध्ये चावीवाल्यांचं दुकान, वर त्यांची खोली. डावीकडे चष्म्यांचं दुकान. उजवीकडे पावाची भट्टी. समोर कपडे धुऊन इस्त्री करून देणारं दुकान, आणि त्याच्या फळीवर ती काटकुळी म्हातारी, हातात इस्त्री, समोर कोणाचा तरी शर्ट.

चौकशीबाई बुधवारी अकराला तिथे पोहोचल्या. चावीचं दुकान उघडं होतं, आत चावीवाले नव्हते. गल्ल्यावर एक उंच बाई बसून गिऱ्हाइकाला सांगत होती, “ते तपासणीला गेलेत. चारला या. आणि तुम्ही फार जवळ धरून वाचता, बरं का.”

“तुम्ही घ्यायला लावलेला चष्मा त्या नर्सला छान दिसतो,” चौकशीबाई म्हणाल्या.

उंच बाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग गल्लीत डोकं काढून हाक मारली. “अगं ए, ये गं बाहेर! रुग्णालयातून आल्यात!”

पावाच्या भट्टीतून एक गोल बाई कोपरापर्यंत पिठाने माखलेली आली. तिच्या हातावर गरम पत्र्यांच्या कडांच्या खुणा एकाखाली एक होत्या. इस्त्रीवाली शर्टाची बाही पूर्ण केल्याशिवाय आली नाही.

“डाग गेला का?” तिने विचारलं.

“गेला.”

“गरम पाणी नाही ना लावलं?”

“नाही. मावशी, तुम्ही तिघींनी मेलेल्या बाईच्या नावाने सह्या केल्यात, असं रुग्णालय म्हणतंय.”

तीन तोंडं एकदम उघडली. पाववालीचं आधी चाललं. “कोण म्हणतं? त्याला आणा इथे! एक गोणी पीठ मळायला लावते, मग म्हणू दे काय म्हणायचं ते!”

“थांब गं,” चष्मेवाली म्हणाली. “बाई, पहिल्या दिवशी मी गेले होते त्यांच्याबरोबर. एक साहेब संगणकावर होते. बाहेर मोठी रांग. त्यांनी विचारलं, नातं काय? म्हटलं, शेजारी. ते म्हणाले, शेजारी नाही चालत. म्हटलं, मग काय चालतं? ते काहीतरी पुटपुटले, एक बटण दाबलं आणि म्हणाले, झालं, पुढचा.”

“आणि पुढे तिघी का आलात?”

“दुकानं कोण बघणार?” पाववाली म्हणाली. “एकीने सगळ्या वाऱ्या करायच्या म्हणजे तिचं दुकान बंदच. औषधं हिला दिली, तिचे डोळे चांगले. खाणंपिणं मला. आणि घर दाखवायला मावशी, कारण ती म्हातारी, जरा बरं दिसतं.”

“ए!” इस्त्रीवाली म्हणाली.

“कोणी विचारलं नाही तुम्हाला, तुम्ही बहीण का म्हणून?”

“नर्सबाई म्हणाली, या ताई, बसा,” चष्मेवाली म्हणाली. “ताई तर मला पोस्टमनही म्हणतो.”

चौकशीबाई इस्त्रीवालीकडे वळल्या. “मावशी, माझ्यासमोर तुम्ही सही केलीत. कोणाच्या नावाची?”

म्हातारीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू रेशमावर चुन्याचा डाग पाडून आणलाय.

“माझ्या. दुसऱ्याच्या नावाची सही मी कशाला करीन? माझी सही माझी आहे. तुम्ही समोरच होतात की. वाचली नाहीत?”

५

सह्या वाचायच्या नसतात. त्या असायच्या असतात. असल्या की पुढचा माणूस खाली आपली करतो आणि कागद पुढे जातो. या तत्त्वावर जगातली सगळी कार्यालयं चालतात आणि चौकशीबाईही बावीस वर्षं चालत आल्या होत्या.

बुधवारी दुपारी त्यांनी दार लावून घेतलं आणि पान नऊ खिडकीशी धरलं. पहिली सही वळणदार, दुसरी जाडजूड, तिसरी चौथीपर्यंत शिकलेल्या हाताची, एकेक अक्षर सुटं. तीन सह्या, तीन वेगळी नावं, आणि तिन्हींमधलं एकही त्या मेलेल्या बाईचं नाही. कोणीही कोणाचंही सोंग घेतलं नव्हतं. तीन माणसांनी आपापली खरी नावं लिहिली होती, आणि तीन शिकलेल्या बायकांनी त्यांच्याखाली ‘ओळख पटली’ असं लिहून दिलं होतं.

मग ते छापलेलं नाव आलं कुठून? चावीवाल्यांनी दिलं नाही. ते ऐकून तेच चमकले. चष्मेवालीला बहिणीचं नावही माहीत नव्हतं. ती या गल्लीत सहा वर्षांपूर्वी आली. रुग्णालयात ते नाव एकाच ठिकाणी होतं, पान दोनवर.

बाई संगणकासमोर बसल्या आणि त्यांनी सरावासाठी ठेवलेला कोरा फॉर्म उघडला. मग अर्धा तास त्या एकट्याच टेबलावर बोटं वाजवत बसल्या, आणि शेवटी इतक्या जोरात “अरे देवा” म्हणाल्या की दार ढकलून एका गृहस्थाने विचारलं, एक्स-रे इथेच का?

गुरुवारी तीन वाजता समिती बसली. मोठे डॉक्टर, म्हणजे किडनी बसवणारे सर्जन, अध्यक्षस्थानी होते. ते कमी बोलत आणि बोलत तेव्हा हात धुताना बोलावं तसं, कामापुरतं. नर्स, आहारतज्ज्ञ, समन्वयक आपापल्या खुर्च्यांवर. समन्वयकांनी सहा मिनिटं आरोप वाचला. त्यात ‘संघटित’ हा शब्द चारदा आला.

“तिसऱ्या सहीवर साक्ष माझी आहे,” चौकशीबाई म्हणाल्या. “मी सही वाचली नाही. छापलेलं वाचलं, समोर बाई दिसली, आणि ‘बहिणीने स्वागत केले’ असं लिहून मोकळी झाले. माझी चूक आधी लिहून घ्या, म्हणजे बाकीचं मला मोकळेपणी सांगता येईल.”

मोठ्या डॉक्टरांनी लिहून घेतलं.

“आता सह्या वाचा.” त्यांनी पान नऊ फिरवलं. ते नर्सकडून आहारतज्ज्ञांकडे जाताना दोघींची मान एकेक इंच खाली गेली. “तीन बायका, तीन स्वतःची नावं. फसवायला निघालेला माणूस स्वतःच्या नावाची सही करेल का? रुग्णाने बहिणीचा मृत्यू पहिल्याच दिवशी सांगितला. लपवायचं असतं तर आपण होऊन सांगितलं असतं का? म्हणजे बाहेरच्या कोणीच काही खोटं सांगितलेलं नाही. तरी कागद खोटा आहे. मग खोटं कोणी सांगितलं?”

“तेच म्हणतोय मी,” समन्वयक म्हणाले. “कोणी?”

“साहेब, तुमचा फॉर्म उघडता का? मी काल त्यात स्वतःला रुग्ण म्हणून भरलंय. घरच्यांची माहितीही दिलीय.”

समन्वयकांनी अभिमानाने उघडला. पडदा भिंतीवर दिसू लागला.

“आता काळजीवाहक. नात्याची यादी उघडा. वाचून दाखवा.”

“पती, पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण.”

“शेजारी?”

“शेजारी हे नातं नाही.”

“मैत्रीण?”

“अहो, कुठेतरी थांबायला नको का?”

“बरोबर. आणि रिकामं सोडलं तर तो पुढे सरकत नाही. बाहेर रांग आहे, समोर शेजारीण उभी आहे. काय दाबाल? चला, माझ्यासाठी ‘वडील’ दाबा.”

समन्वयकांनी दाबलं. पुढच्या रकान्यात, कोणी काही न लिहिता, एक नाव आपोआप उमटलं.

“हे कुठून आलं?” मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

“पान दोनवरून उचलतो तो,” समन्वयक म्हणाले. “वेळ वाचावा म्हणून. ती सोय मीच…” ते थांबले.

“पान दोनवर मी वडिलांसमोर ‘मयत’ अशी खूणही केली आहे. ती तो उचलत नाही. माझे वडील जाऊन वीस वर्षं झाली,” चौकशीबाई म्हणाल्या. “तुमच्या फॉर्मनुसार सोमवारपासून ते माझं पथ्यपाणी बघणार आहेत. मला तर फार बरं वाटलं, खरं सांगते.”

खोलीत कोणी हसलं नाही. समन्वयकांनी चष्मा काढून पुसला. पान नऊच्या तळाशी, फॉर्म कोणी भरला याची बारीक अक्षरातली ओळ असते. ती त्यांनी कोणी न सांगता स्वतःच मोठ्याने वाचली. नाव त्यांचंच होतं. त्या सकाळी त्यांनी अठरा मिनिटांत सात रुग्ण भरले होते.

“मी… बहीण दाबलं असणार,” ते म्हणाले. “ती बाई वयाने रुग्णाएवढीच दिसत होती.”

“ठीक,” मोठे डॉक्टर म्हणाले. “फसवणूक नाही. पण प्रश्न उरतोच. काळजीवाहकही नाही. नातेवाईक नसलेल्या माणसाला किडनी दिली आणि दहाव्या दिवशी त्याने औषध चुकवलं, तर एक किडनी वाया जाते. जी दुसऱ्या कोणाला तरी मिळाली असती.”

हा खरा प्रश्न होता, आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. चौकशीबाईंनी घडी घातलेला एक मोठा कागद पुढे ठेवला. घडी कडक, कोपऱ्याला कोपरा.

“बारा आठवड्यांचं वेळापत्रक. तिघींनी काल संध्याकाळी बसून केलं. भट्टी पहाटे पेटते आणि दुपारी मोकळी होते, चष्म्याचं दुकान दहाला उघडतं, इस्त्रीवाल्या मावशी समोरच असतात, झोपायला त्या वरच्या खोलीत जाणार. औषधं दोन वेळा, दोघींनी वेगवेगळी तपासायची. ताप, वजन, लघवी, रक्तदाब, रोजची नोंद.”

मोठ्या डॉक्टरांनी कागद एक्स-रे बघावा तसा बघितला. बराच वेळ. मग एका जागी बोट ठेवलं.

“रविवारी दुपारी दोन ते चार. इथे कोणाचंच नाव नाही.”

“तेव्हा चौघं त्यांच्याकडे पत्ते खेळतात. सगळ्याच असतात, म्हणून कोणा एकीचं लिहिलं नाही.”

“किती वर्षं खेळतात?”

“सहा.”

मोठ्या डॉक्टरांनी बोट उचललं. “मागच्या वर्षी एकाचा सख्खा मुलगा होता काळजीवाहक. आठव्या दिवशी सहलीला गेला.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “रुग्ण पात्र. यादीत घ्या. काळजीवाहक तीन. समन्वयक, हे तुमच्या फॉर्ममध्ये बसतं का?”

“नाही, सर.”

“मग कागदावर लिहा. हाताने.”

समन्वयकांनी लिहिलं. तिन्ही नावं, एकाखाली एक, सह्यांशी ताडून. अक्षर फार सुंदर होतं त्यांचं. दोन वर्षांत कोणी पाहिलंच नव्हतं.

६

यादीत नाव लागणं म्हणजे किडनी मिळणं नव्हे. कधीतरी, कोणाच्या तरी घरी दुःख झाल्यावर, फोन येणार. आला की दोन तासांत रुग्णालयात पोहोचायचं. उद्याही येईल, दोन वर्षांनीही. म्हणून नाव लागल्यावर समन्वयक एकदा सरावाचा फोन करतात.

दोन आठवड्यांनी, एका सोमवारी दुपारी, ते चौकशीबाईंच्या खोलीत येऊन बसले. हल्ली येत. यादीत ‘इतर’ असा शब्द घातला होता त्यांनी, आणि त्याबद्दल कोणाशी तरी बोलायची गरज होती. फोन त्यांनी टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला, आणि नंबर फिरवला.

“हॅलो, चावीवाले? मी प्रत्यारोपण विभागातून…”

“आला!” पलीकडे कोणीतरी ओरडलं. मग शटर खाली आल्याचा आवाज. मग दुसऱ्या शटरचा. मग पाववालीचा आवाज, “पावाचे पत्रे बाहेर काढ आणि भट्टी विझव! निघाले मी!” कोणीतरी टॅक्सीला शिट्टी घातली.

“अहो, ऐका,” समन्वयक म्हणाले. “ही फक्त…”

“साहेब, बोलण्यात वेळ घालवू नका,” चष्मेवाली म्हणाली. “सकाळची औषधं साडेआठला दिलीत, शेवटचं खाणं साडेबाराला, ताप नाही. लिहा. मावशी, पिशवी!”

“पिशवी माझ्याकडेच आहे! तुम्ही बसा आधी.”

दार आपटलं. इंजिन सुरू झालं. चार माणसांचा श्वास ऐकू येत होता.

“ही चाचणी आहे,” समन्वयक शेवटी म्हणाले. “सराव. किडनी आलेली नाही.”

टॅक्सी थांबल्याचा आवाज आला. चौकशीबाईंनी घोटासाठी उचललेला कप तसाच धरून ठेवला.

“म्हणजे आज नाही,” चावीवाल्यांचा आवाज म्हणाला.

“आज नाही. माफ करा.”

मग चावीवाले हसू लागले, आधी हळू, मग मोकळं, आणि त्यांच्या मागून पाववाली.

“वेळ किती लागला?” इस्त्रीवालीने विचारलं.

समन्वयकांनी घड्याळ पाहिलं. “सहा मिनिटं.”

“चांगलं आहे. मागच्या वेळी आठ लागली होती.”

“मागच्या वेळी? मी तर आज पहिल्यांदाच फोन करतोय.”

“तुमची वाट कोण बघतंय?” म्हातारी म्हणाली. “आम्ही दर सोमवारी करतो.”